उडून गेलेल्या पाण्याचा हिशेब

जुलै उजाडला की सोलापूर जिल्ह्यात लोक डोक्यावरच्या आभाळापेक्षा दौंडला भीमेतून येणाऱ्या विसर्गावर जास्त लक्ष ठेवतात. भीमाशंकर, मावळ, मुळशीच्या डोंगरात पाऊस कोसळतो, खडकवासला, पवना, चासकमान, डिंभे ही वरची धरणे भरतात, सांडव्यावरून पाणी पडते, दौंडला क्यूसेकचा (सेकंदाला वाहणाऱ्या घनफुटांचा) आकडा चढतो आणि मग भीमेवरच्या उजनी धरणाची टक्केवारी हलू लागते. उणे चाळीस, उणे पंधरा, शून्य, आणि एकदाचे अधिक. त्यानंतर वर्षभर चर्चा ठरलेली असते: धरणात आले किती, कालव्याला सोडले किती, वरच्यांनी अडवले किती, मधल्यांनी उपसले किती. या सगळ्या आकड्यांत एक रकाना कायम कोरा राहतो. हवेत गेलेल्या पाण्याचा. आमचे म्हणणे असे की सोलापूरच्या पाण्याचा ताळेबंद त्या एका रकान्यावर उभा आहे, आणि तो भरला जात नाही तोवर बाकीची भांडणे मिटणार नाहीत.

जलचक्र शाळेत शिकताना आपण समुद्र, ढग, पाऊस, नदी असे बाण काढतो. खोऱ्याच्या पातळीवर त्याचा व्यवहारी अर्थ वेगळा आहे. धरणातून उचललेल्या पाण्याला तीनच वाटा असतात. काही पाणी जमिनीत मुरून विहिरीला किंवा नदीला परत मिळते. काही मैलापाणी होऊन नाल्याला लागते. ते घाण असते, पण असते. उरलेले वाफ होऊन जाते. पहिल्या दोन वाटांचे पाणी खोऱ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी हाती लागते. तिसऱ्या वाटेचे पाणी मात्र सोलापूरच्या दृष्टीने कायमचे संपलेले असते. मार्च ते मे या महिन्यांत इथून उठलेली वाफ वाऱ्यावर निघून जाते, ती पंढरपूर-मोहोळवर परत बरसत नाही. आपला पाऊस येतो तो अरबी समुद्राच्या ओलाव्यातला सह्याद्रीने ठेवलेला उरलासुरला वाटा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात बंगालच्या उपसागराकडून सरकत आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा. म्हणून खरा खर्च तोच, जो उडाला. कालवा किती सुटला, मोटार किती तास चालली, हे नुसते हातबदल आहेत.

उजनीचे आकडे एकदा समोर ठेवू. १९८०मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा ६३.६६ टीएमसी. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी दारांच्या खाली, आणि कालव्याला उताराने न मिळणारे. वर्तमानपत्रात छापून येणारी टक्केवारी ही फक्त उपयुक्त साठ्याची असते. म्हणूनच ती उणे होऊ शकते. ‘उणे ६० टक्के’ याचा अर्थ मृतसाठ्यातलेही ३२ टीएमसी पाणी गेले, जवळजवळ तितकेच उरले, आणि त्या उरलेल्यातला तळचा भाग गाळाने व्यापलेला आहे. २०१९ आणि २०२४च्या उन्हाळ्यात पातळी तिथपर्यंत उतरली होती. अशा वेळी शहराच्या पंपगृहाशी पाणी पोहोचत नाही, मग दुबार पंपिंग लावावे लागते: आधी खोलातले पाणी तात्पुरत्या पंपांनी चारीत आणायचे, तिथून जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपगृहाच्या विहिरीत, तिथून जलवाहिनीत.

आता धरणाच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन. ते मोजायची सोय अगदी साधी असते: साधारण १२० सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोलीचे पत्र्याचे उघडे पात्र, आणि त्यातल्या पाण्याची पातळी रोज सकाळी ठरलेल्या वेळी किती उतरली याची नोंद. पत्रा तापत असल्याने पात्रातली घट जलाशयापेक्षा जास्त येते, म्हणून तिला साधारण ०.७ने गुणतात. सोलापूरच्या मे महिन्यात हा गुणाकार दिवसाला ९-१० मिलिमीटरच्या घरात जातो. कानाला हा आकडा किरकोळ वाटतो. पण १०० चौरस किलोमीटर पसरलेल्या पाण्यावरून ९ मिलिमीटर उडाले तर ते ९० कोटी लिटर होतात. सोलापूर शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेनऊ लाख होती. माणशी १३५ लिटर धरले तर रोजची गरज १३ कोटी लिटर. म्हणजे शंभर चौरस किलोमीटर पाणी एका दिवसात शहराचा जवळजवळ आठवडा हवेत सोडते. वर्षाचा हिशेब केला तर तेवढ्याच पृष्ठभागामागे पाच ते सहा टीएमसी होतात, आणि पूर्ण भरलेल्या उजनीचा फुगवटा दोनशे चौरस किलोमीटरहून बराच मोठा आहे. हे धरण पसरट आहे, दरीतले नाही. भिगवणच्या बाजूला उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे राहतात ते याच पसरटपणामुळे. पाहायला सुंदर आणि पाणी साठवायला महाग, अशी ती जागा आहे.

हे बाष्पीभवन थांबवता येत नाही. पण ते वेळेशी बांधलेले असते, आणि वेळ आपल्या हातात आहे. ऑक्टोबरात जमिनीत दिलेले पाणी मे महिन्यासाठी धरणात राखून ठेवलेल्या पाण्यापेक्षा जास्त पीक देते, कारण मधले सहा-सात महिने ते उन्हात उघडे पडत नाही. रब्बीची पाळी लवकर आणि नीट द्यावी, आणि उन्हाळ्यासाठी पिण्यापुरते व थोडे अधिक राखावे, हा निष्कर्ष यातून सरळ निघतो. प्रत्यक्षात उलटे घडते, कारण उन्हाळ्यात उभे असलेले पीक ऊस असते, आणि तो वाळू देणे कुणालाच परवडत नाही.

उसाबद्दल बोलताना दोन्ही बाजूंनी आवाज चढतो, म्हणून इथे नुसती आकडेमोड ठेवतो. बारा महिन्यांच्या ‘सुरू’ हंगामाच्या उसाला आपल्या हवेत सुमारे २,००० मिलिमीटर पाणी पानांतून आणि मातीतून उडवावे लागते. जिल्ह्याचा सरासरी पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर. त्यातला पिकाच्या उपयोगी पडणारा ४०० धरा. उरलेले १,६०० मिलिमीटर, म्हणजे एकरी ६५ लाख लिटर, कालव्यातून किंवा विहिरीतून यायला हवे. ‘आडसाली’ ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, त्याचे याहून जास्त. ही निव्वळ उडणाऱ्या पाण्याची गरज झाली. सरीतून मोकाट दिले तर उपसा आणखी वाढतो.

उजनीचा उपयुक्त साठा थेंबही न सांडता, न उडता, कुणालाही प्यायला न देता थेट उसाच्या मुळाशी नेला असे समजा. तरी ९५ हजार हेक्टर भिजेल. दिवसाला ५,००० टन गाळपाचा एक कारखाना १२० दिवस चालवायला ६ लाख टन ऊस लागतो. हेक्टरी ८० टन उतारा धरला तर ७,५०० हेक्टर. म्हणजे ही अशक्य आदर्श स्थिती गृहीत धरूनही उजनीच्या जिवावर बारा-तेरा कारखाने चालतील. जिल्ह्यात तिसाहून अधिक आहेत, राज्यात सर्वाधिक. माळशिरसच्या बाजूला नीरेचे कालवे आहेत हे खरे, सीना आहे, विहिरी आणि बोअर आहेत, शेजारच्या जिल्ह्यांतूनही ऊस येतो. तरीही उरलेली तूट भरून निघते ती मुख्यतः जमिनीखालून, आणि तिथला हिशेब तर आणखी कडक आहे. त्याकडे पुढे येतो.

शेतकऱ्याला यात दोष देणे सोपे आणि चुकीचे आहे. तो ऊस लावतो कारण पूर्ण पिकाला ठरलेला दर आणि ठरलेले गिऱ्हाईक असलेले तेवढे एकच पीक आहे. तोडणीची टोळी कारखाना पाठवतो, माल बाजारात नेऊन दलालासमोर उभे राहावे लागत नाही, गारपीट झाली तरी द्राक्षासारखे सगळे जात नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६प्रमाणे एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायची असते; उशीर होतो, पण हक्क कागदावर आहे. ज्वारीलाही हमीभाव जाहीर होतो. मात्र तो भाव देऊन माल उचलणारा कुणी दारात येत नाही. जोवर हा फरक आहे तोवर ‘ऊस कमी करा’ हा उपदेश पोकळ आहे.

तितकाच पोकळ, पण जास्त लोकप्रिय, उपाय म्हणजे ठिबक. ठिबक वाईट नाही. पाच फुटी सरी, मुळाशी नळी, विद्राव्य खते, तणाचा त्रास कमी, उतारा जास्त: शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सगळे फायदे खरे आहेत, आणि विजेची बचतही खरी. पण ‘ठिबकने निम्मे पाणी वाचते’ या वाक्यात कुठले पाणी वाचले हे सांगितलेले नसते. मोकाट पाणी देताना शेतात जितके सोडतो त्यातला मोठा भाग मुळाखाली मुरतो आणि खालच्या शेताच्या विहिरीला लागतो. ठिबकने तो मुरणारा भाग थांबतो. पानांतून उडणारे पाणी जवळजवळ तेवढेच राहते. पीक जोमदार आले तर थोडे वाढतेच. खरी बचत होते ती फक्त उघड्या ओल्या मातीवरून उडणाऱ्या पाण्याची, लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने, पाने एकमेकांना भिडेपर्यंत. ही बचत मोलाची आहे, पण ती निम्मी नाही. मग वाचले असे वाटलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर लावतो. उपसा तेवढाच राहतो, उडणारे पाणी वाढते आणि ओढ्याखालच्या विहिरी आटतात. एकेका शेतावर बचत आणि गावात टंचाई, हे कोडे याच हिशेबाने सुटते.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५च्या कायद्यात कालव्याच्या पाण्यावरच्या बारमाही पिकांना ठिबक-तुषारचे बंधन घालण्याची तरतूद आहे. आमच्या मते तिच्यासोबत एक ओळ जोडली पाहिजे: ठिबक घेतल्यावर बारमाही पिकाचे क्षेत्र वाढवता येणार नाही. अनुदानाच्या अर्जात सातबाऱ्यावरचे क्षेत्र असतेच, ते गोठवायचे. ही अट नसेल तर अनुदान देऊन आपण उडणारे पाणी वाढवतो आहोत. त्याच्या तुलनेत खोडव्यातले (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकातले) पाचट, म्हणजे वाळलेला पाला, न जाळता सरीत पसरणे हा कमी खर्चाचा उपाय थेट बाष्पीभवनावरच चालतो. तोडणीनंतर उघडी पडणारी माती झाकली की पाण्याची पाळी लांबते. बुडखे मोकळे ठेवावे लागतात, पाचट कुजायला थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू संवर्धन लागते, आणि उंदरांचा त्रास वाढतो ही तक्रार खरी आहे. तरीही एकट्या ठिबकपेक्षा पाचट आणि ठिबक एकत्र, हा हिशेब जास्त खरा बसतो.

शहराकडे वळू. सोलापूरला पाणी तीन ठिकाणांहून मिळत आले: उजनीवरून सुमारे ११० किलोमीटरची जलवाहिनी, १८७१मध्ये पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरूख तलाव, आणि भीमेवरचे औज व चिंचपूरचे बंधारे, जिथून टाकळीला उपसा होतो. या तिसऱ्या सोयीसाठी उजनीतून नदीपात्रात पाणी सोडतात, दर वेळी पाच ते सहा टीएमसी. पाच टीएमसी म्हणजे १४ हजार कोटी लिटर; रोजच्या १३ कोटींच्या हिशेबाने शहराची जवळजवळ तीन वर्षांची तहान. त्यातून बंधाऱ्यात जे साठते ते दोन-अडीच महिन्यांत संपते आणि पुढच्या पाळीची मागणी सुरू होते.

हे पाणी वाया जाते असे दर वर्षी म्हटले जाते. नीट पाहिले तर ते वाया जात नाही. वाटेतले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे त्यातून भरतात, काठच्या विहिरींना पाझर लागतो, हजारो मोटारी पाणी उचलतात, खालच्या टप्प्यात पलीकडचा काठ कर्नाटकाचा आहे आणि तिकडेही पिके उभी असतात. शहराच्या नावाने सोडलेले पाणी वाटेत ऊस होते. आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेत सोडलेल्या पाण्याचेही थोडेफार तसेच. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुठल्याच कागदावर नाही. आणि कागदावर नसलेला हक्क हाच पुढच्या भांडणाचा मुद्दा ठरणार आहे. दिवसाला १७ कोटी लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी हाती घेतली ती शहर नदीवर अवलंबून राहू नये म्हणून. शहराची गरज नळाने भागली की ‘पिण्यासाठी’ म्हणून नदीत पाणी सोडायचे कारण उरत नाही. तेव्हा पंढरपूर, मंगळवेढा, दक्षिण सोलापूरच्या नदीकाठाने काय करायचे? त्यांच्या वाट्याला सिंचनाचे म्हणून ठरावीक टीएमसी, ठरावीक तारखांना, घोषित पाणीपट्टीने द्यायचे हे आत्ताच लिहून ठेवले पाहिजे. आणि तो आकडा आजच्या पाच-सहाच्या पाळ्यांपेक्षा कमी असेल, हेही त्यांना आधी सांगितले पाहिजे.

शहरात पोहोचलेल्या पाण्याचा स्वभाव उसाच्या पाण्यापेक्षा अगदी निराळा आहे. माणूस १३५ लिटर वापरतो आणि त्यातले साधारण ८० टक्के गटारीला देतो. उडते किंवा मुरते ते सुमारे २७ लिटर. त्या हिशेबाने एका एकर उसाचे वर्षाचे पाणी म्हणजे साडेसहाशे माणसांचा वर्षाचा खरा खर्च. पण हा हिशेब तेव्हाच लागू होतो, जेव्हा मैलापाणी शुद्ध होऊन कुणाच्या तरी उपयोगी पडते. शहराच्या देगाव केंद्राची क्षमता दिवसाला साडेसात कोटी लिटर आहे. इकडे फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. अशा नव्या प्रकल्पांना एका मेगावॉट-तासामागे ३ घनमीटर पाण्याची मर्यादा आहे. पूर्ण भाराने चालला तर दिवसाला साडेनऊ कोटी लिटर. शीतकरण मनोऱ्यातून हे बहुतेक सगळे पाणी वाफ होऊनच जाते. २०१६च्या वीजदर धोरणाने ५० किलोमीटरच्या आतल्या मैलाशुद्धीकरण केंद्राचे पाणी औष्णिक प्रकल्पांनी वापरावे असे बंधनच घातले आहे. शहराचे मैलापाणी आणि प्रकल्पाची गरज, दोन्ही जवळजवळ एकाच मापाचे आणि एकमेकांपासून थोड्याच किलोमीटरवर. धरणाचे गोडे पाणी मनोऱ्यातून उडवण्याचे त्यानंतर एकही कारण उरत नाही. अडचण तांत्रिक आहे आणि सुटणारी आहे: शुद्ध केलेल्या पाण्यात अमोनिया आणि फॉस्फेट राहिले तर मनोऱ्यात शेवाळ धरते, कंडेन्सरच्या नळ्यांवर थर बसतो. म्हणून तिसऱ्या टप्प्याची गाळण आणि नायट्रोजन काढण्याची प्रक्रिया लागते, तिचा खर्च कुणी द्यायचा हे करारात स्पष्ट लागते. यंत्रमाग आणि टॉवेलच्या रंगाई कारखान्यांनाही काही प्रक्रियांत हे पाणी चालते, पण तिथे कठीणपणा आणि लोह यांची मर्यादा कडक असते, फिकट रंगांवर डाग पडतात. आधी वीज, मग रंगाई, हा क्रम शहाणपणाचा.

चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाबद्दल एवढेच: त्याने पाणी वाचत नाही. नळ कोरडा असताना वाहिनीत दाब नसतो, गटारीशेजारच्या गळक्या सांध्यांतून घाण आत ओढली जाते. पाणी सुटताच आधी हवा येते. घरोघरी नळाला मोटारी लागतात, त्यामुळे टोकाच्या घरांना करंगळीएवढी धार मिळते. हौदातले चार दिवसांचे उरलेले पाणी नवीन आल्यावर ओतून दिले जाते. चावीवाल्याच्या वेळापत्रकावर घरातल्या बायकांची झोप ठरते. दाब स्थिर झाल्याशिवाय गळती शोधताही येत नाही, कारण गळतीचा आवाज ऐकणारी यंत्रे भरलेल्या वाहिनीवरच चालतात. नव्या जलवाहिनीचे पाणी आधी सगळ्या शहराला थोडे थोडे वाटण्यापेक्षा एकेक झोन पूर्ण दाबाने चालवून, तिथली गळती काढून, मग पुढच्या झोनला जावे. राजकीयदृष्ट्या हे अवघड आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आता जमिनीखाली. सोलापूर बसाल्टवर वसले आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला आणि सच्छिद्र खडक, आणि त्याखाली काळा पाषाण, ज्यात भेग लागली तरच पाणी. पावसाचा किती भाग मुरतो? भूजल मूल्यांकनाचे प्रचलित निकष झिजलेल्या बसाल्टला ७ टक्के आणि सच्छिद्र-सांधेदार थराला १३ टक्के धरतात. मध्यावर १० टक्के घेऊ. ५५० मिलिमीटर पावसात ५५ मिलिमीटर मुरले. उसाला वरून लागतात १,६००. म्हणजे विहिरीवरचा एक हेक्टर ऊस जवळजवळ २९ हेक्टरांवर मुरलेले पाणी पितो. शेजारच्या २८ हेक्टरांनी काहीच उपसले नाही तरच हा हिशेब जुळतो.

खोल बोअर हा त्यावरचा उपाय नाही. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला बंदी आहे, आणि तिच्यामागे कारण आहे: त्याखालच्या भेगांत जे पाणी मिळते ते मुरायला फार वर्षे लागलेली असतात. पहिल्या वर्षी जोरात चालणारा बोअर तिसऱ्या वर्षी भकभक करत हवा टाकतो, तो याचमुळे. रिगचा हिशेब ड्रिलिंगच्या बिलावर फुटांत लिहिलेला असतो; खोली तपासायला दुसरे काही लागत नाही.

शेततळ्यांबद्दल थोडे परखडपणे लिहावे लागेल. शेततळे म्हणजे ओघळाचे, नाहीतर वाहून जाणारे पाणी अडवायचे साधन. पण डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात प्लास्टिक अंथरलेली बरीच तळी बोअरच्या पाण्याने भरली जातात. खडकात सुरक्षित, सावलीत, फुकट साठलेले पाणी वीज जाळून वर काढायचे आणि उन्हात उघडे ठेवायचे. ३० मीटर लांबी-रुंदीचे, ३ मीटर खोल, तिरक्या बाजूंचे तळे सुमारे २२ लाख लिटर धरते. जानेवारी ते मे दिवसाला सरासरी ७ मिलिमीटर उडाले तर पाच महिन्यांत एक मीटरहून जास्त पातळी उतरते, म्हणजे आठ-नऊ लाख लिटर. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! शेतकरी हे का करतो तेही कळते: शेजाऱ्याच्या बोअरने खेचण्याआधी आपण काढून ठेवावे. सगळ्यांनी मिळून सामायिक पाणी हवेत उडवण्याची ही शर्यत आहे. बोअरने भरलेल्या तळ्याच्या अस्तराला अनुदान देणे थांबवले पाहिजे, आणि असलेल्या तळ्यांना सावलीच्या जाळीचे आच्छादन दिले पाहिजे. नाला खोलीकरणाचेही तसेच. गाळ काढणे ठीक. मुरूम फोडून खडकापर्यंत खणले की ज्या थरात पाणी साठते तोच उघडा पडतो, बाजूच्या विहिरींचे पाणी नाल्यात उतरते आणि तिथून उडते. पहिल्या पावसानंतर तुडुंब दिसणारा नाला हा पुष्कळदा काठच्या विहिरींतलेच पाणी असतो.

गावाने हिशेब कसा मांडावा हे अवघड नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ते वर्षानुवर्षे करून दाखवले आहे. समजा गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर. मे अखेर आणि ऑक्टोबरात दहा-बारा निवडक विहिरींची पातळी मोजायची, मोटार आदल्या रात्रीपासून बंद ठेवून; सकाळी उपसलेल्या विहिरीत दोर सोडला तर हिशेबच चुकतो. पातळी सरासरी ४ मीटर चढली आणि खडकाची पाणी सोडण्याची क्षमता २ टक्के धरली तर साठलेले पाणी ८० मिलिमीटर, म्हणजे ८० कोटी लिटर. तीन हजार माणसे, माणशी ५५ लिटर: ६ कोटी. जनावरे आणि इतर धरून १० कोटी बाजूला. उरले ७० कोटी. त्यावर ४३-४४ हेक्टर ऊस होईल, किंवा दोन-दोन संरक्षित पाण्यांवर साडेचारशे हेक्टरांहून जास्त ज्वारी. निवड गावाची. चुका होतात त्या दोन ठिकाणी: खोल बोअरची पातळी विहिरीबरोबर मोजणे, आणि कालव्याच्या पाझराने चढलेल्या विहिरी पावसाच्या खात्यात धरणे. कालव्याखालच्या गावाने आपला पाझर वेगळा लिहावा. कालवा अस्तरला की तो जाणार आहे.

ज्वारीचा उल्लेख हळवेपणाने केलेला नाही. सोलापूरला १९३३पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मीटरभर खोल काळी माती दीड-दोनशे मिलिमीटर पाणी पिकाला देऊ शकते, तेही झाकून, न उडवता. सप्टेंबरच्या परतीच्या पावसाने भरणारे, भूसंपादन न लागणारे हे जिल्ह्याचे सर्वात मोठे धरण आहे. ते रिकामे राहते तेव्हा कारण सहसा पावसाचे नसते. बांध फुटलेले असतात, उतारावर आडवी नांगरट झालेली नसते, पिकात कोळपणी करून भेगा बुजवलेल्या नसतात. आणि कडब्याचे भाव वगळले तर त्या ज्वारीला हमीचे गिऱ्हाईक नसते. शाळेच्या पोषण आहारात आणि रेशनवर जिल्ह्याची ज्वारी हमीभावाने घेतली, तर एकरी ६५ लाख लिटरच्या पिकाला पहिल्यांदा खरा पर्याय उभा राहील. पाणी वाचवण्याच्या योजनांवर होणाऱ्या खर्चातला काही भाग या खरेदीकडे वळवणे हाच आमच्या मते सर्वात स्वस्त सिंचन प्रकल्प आहे.

पावसाळा सरला की कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि आवर्तने, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, ठरतात. त्या टेबलावर आज धरणाची टक्केवारी असते. चार आकडे आणखी हवेत, आणि चारही मिळवता येण्यासारखे आहेत. धरणावरच्या बाष्पीभवन पात्राची नोंद जलसंपदा विभागाकडे असते. विहिरींची ऑक्टोबरची पातळी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे. शुद्ध झालेल्या मैलापाण्याचे मोजमाप महापालिकेकडे. आणि चौथा, सगळ्यांत महत्त्वाचा, उसाची नोंद: गटनिहाय, लागणीच्या तारखेसह, आडसाली-पूर्वहंगामी-सुरू-खोडवा अशी विभागून, प्रत्येक कारखान्याच्या शेती विभागात. उभ्या पिकातून पुढच्या मेअखेर किती पाणी उडणार हे त्या नोंदीवरून एका दुपारी काढता येते. साखर आयुक्तालयाने गाळप परवान्याच्या अर्जासोबत ती नोंद जलसंपदा विभागाला देणे बंधनकारक करावे, आणि उजनीचा अधीक्षक अभियंता पहिल्या आवर्तनाची तारीख जाहीर करील त्याच कागदावर त्या वर्षी नव्या लागणीला किती हेक्टरांचे पाणी आहे तो आकडाही छापावा, तालुकावार.